वणवा वाडीच्या उंबऱ्याशी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

वनविभागाच्या लेखी वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून 15 जूनपर्यंत असतो. वाचकांच्या पत्रांचा हंगामही तोच. पेटल्यावर काय करायचं, असं बहुतेकांनी विचारलं आहे. पेटण्याआधी काय करायचं, हे विचारणारे थोडे. आम्ही क्रम उलटा लावला आहे, कारण वाडीवर आलेला वणवा अडणार की नाही हे बहुतेक वेळा दिवाळीनंतरच्या गवतकापणीतच ठरलेलं असतं.

चार एकर हापूस-काजूची बाग आहे. तीन बाजूंना माळ, एका बाजूला रस्ता. भोवती कंबरभर उंचीचा चिऱ्याचा गडगा आहे. तरी जाळरेषा (आग अडवायला गवत काढून उघडा केलेला पट्टा) हवीच का? किती रुंद आणि कधी काढायची? (लांजा परिसरातील वाचक)

हवीच. गडगा जमिनीलगतची ज्वाळा अडवतो, पण गडग्याला बाहेरून टेकून वाढलेलं गवत पेटलं की ज्वाळा गडग्याच्या वर जाते आणि ठिणग्या आत पडतात. शिवाय दगडांच्या फटींत वर्षानुवर्षांचा पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, भरलेला असतो. तो आतल्या आत धुमसतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला की बागेच्या बाजूने बाहेर येतो. म्हणून गडग्याच्या दोन्ही अंगांनी तीन-तीन फूट जमीन उघडी करा, फटींतला पातेरा उकरून काढा आणि त्याच्या बाहेर जाळरेषा घ्या.

रुंदी सपाटीला पाच मीटर. बाग उताराच्या वरच्या अंगाला आणि गवत खाली असेल, तर त्या बाजूला दहा मीटर. आग चढावर झुकून येते आणि पुढचं गवत आधीच वाळवत, तापवत येते. उलट आग डोंगरावरून खाली येण्यासारखी असेल, तर रुंदीपेक्षा चर महत्त्वाचा. जळकी शेणी, ओंडके, सुकडी फळं गडगडत खाली येतात आणि स्वच्छ जाळरेषा सहज ओलांडतात. रेषेच्या खालच्या कडेला फूटभर खोल चर मारून माती खालच्या बाजूला बांधासारखी लावली, की ती तिथेच अडकतात.

चार एकराची बाग साधारण चौकोनी धरली तर तीन बाजू मिळून पावणेचारशे-चारशे मीटर भरतात. पाच मीटर रुंदीने हे जेमतेम वीस गुंठे झाले. ग्रासकटर चालवणाऱ्या सवयीच्या माणसाचं एक-दीड दिवसाचं काम आणि मागे गवत ओढायला दोन माणसं. हे गवत ओढणंच लोक टाळतात. कापलेलं गवत रेषेवरच पडून राहिलं तर ती जाळरेषा राहत नाही, वाळलेल्या सरपणाचा पट्टा होतो. उभ्या गवतापेक्षा तो चांगला पेटतो.

पहिली कापणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात करा, म्हणजे गवत वैरणीला किंवा आच्छादनाला लागतं. दुसरा हात जानेवारीअखेर. त्यानंतर पानगळ सुरू होते, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल दर पंधरा दिवसांनी रेषा खराट्याने झाडायची. दोन रेषा साफ करून मधला पट्टा जाळून टाकायची जुनी पद्धत चांगली आहे, पण ती डिसेंबरपर्यंतच, सकाळच्या दवात, आणि लगत वनजमीन असेल तर बीटच्या वनरक्षकाला सांगून. फेब्रुवारीत पट्टा जाळायला घेणारेच पुष्कळदा वणव्याचे जनक ठरतात.

रेषेची दोन्ही टोकं कुठे संपतात तेही पाहा. टोक रस्त्याला, वहाळाला, उघड्या सड्याला किंवा नांगरलेल्या जमिनीला भिडलं पाहिजे. गवतातच संपणाऱ्या रेषेला आग वळसा घालते. बेड्याजवळची (कुंपणातल्या फाटकाजवळची) आणि पायवाटेवरची फट तर हमखास विसरली जाते.

कृषी विभाग कलमाखाली पाल्याचं आच्छादन करा म्हणतो आणि तुम्ही पातेरा काढा म्हणता. काय खरं? (राजापूर)

दोन्ही. सबंध बागेत सलग पसरलेला पातेरा धोक्याचा. प्रत्येक कलमाच्या आळ्यात ठेवलेला आणि दोन आळ्यांमध्ये उघडी जमीन असलेला पातेरा चालतो. खोडापासून दीड फूट जागा मोकळी सोडा. कडेच्या दोन ओळींना वणव्याच्या हंगामात आच्छादन नको, तिथला पाला खड्ड्यात टाकून वर माती-शेणकाला घाला. ठिबकच्या नळ्या पातेऱ्यावरून टाकू नका. आग नुसती सरपटत गेली तरी सोळा मिलिमीटरची नळी वितळते आणि झाडाला पाण्याची खरी गरज असते त्याच आठवड्यात पाणी तुटतं. मुख्य पाइप दीड फूट गाडलेला बरा.

समोरच्या डोंगरावर दुपारी धूर दिसला तर वाडीत यायला किती वेळ लागेल, याचा अंदाज कसा घ्यायचा? (संगमेश्वर)

नेमकं घड्याळ लावता येत नाही, पण तीन गोष्टी पाहून अंदाज बांधता येतो.

पहिली, चढ. ढोबळ हिशेब असा, की चढ दर दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. सपाटीवर तासाला एक किलोमीटर सरकणारी आग दहा अंशांच्या चढावर दोन आणि वीस अंशांवर चार किलोमीटरने जाते. चार किलोमीटर म्हणजे सडकेवर चालणाऱ्या माणसाचा वेग. गवतातून वीस अंश चढताना तो वेग कुणालाच साधत नाही. उतरणीला हाच हिशेब उलटा.

दुसरी, वारा. कोकणात फेब्रुवारी ते एप्रिल सकाळी मतलई असते, म्हणजे पूर्वेकडून, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. दुपारी बाराच्या आगेमागे तो पडतो आणि पश्चिमेचा खारा वारा सुटतो. या बदलात फसगत होते. सकाळी पश्चिमेकडे हळूहळू सरकणारी आग उत्तर-दक्षिण अशी लांब बाजू पसरून बसते आणि वारा फिरला की ती अख्खी बाजूच आगीचं तोंड बनून पूर्वेला धावते. सकाळी ‘ती आपल्यापासून लांब चालली आहे’ म्हणून निवांत बसलेली वाडी दुपारी तिच्या वाटेत येते. अकराच्या आत आटोक्यात येत नसेल तर पूर्वेकडच्या वाड्यांना फोन करायलाच हवा.

तिसरी, धुराचा रंग आणि कल. पांढरट, सरळ वर जाणारा धूर म्हणजे पाला अजून दमट आहे आणि वारा कमी आहे. पिवळट-काळसर, आडवा पडलेला धूर आणि पुढे तुटक धुराच्या नव्या रेघा दिसल्या तर ठिणग्या उडून पुढे पेट घेत आहेत. तेव्हा हिशेब सोडा, गुरं सोडा आणि माणसं हलवा.

आग झोडपायची योग्य पद्धत कोणती? तरुण मंडळी उत्साहाने धावतात, पण दमतात आणि आग पुन्हा पेटते. वाडीत कोणती हत्यारं ठेवावीत? (पाटण)

आधी मर्यादा. ज्वाळा कमरेच्या खाली असेल तरच हाताने झोडपायची. कमरेच्या वर गेली तर त्या ठिकाणाहून बाजूला व्हा. ती जिथे खाली बसेल (उघडा सडा, पायवाट, चरलेलं गवत, उताराची बाजू) तिथे गाठा.

आगीला तोंड, पाठ आणि दोन बगला असतात. तोंडासमोर उभं राहायचं नाही. सुरुवात पाठीकडून, जळून काळ्या झालेल्या जमिनीवर पाय ठेवून. तिथून दोन्ही बगलांनी दोन तुकड्या पुढे सरकतात आणि तोंड अरुंद करत नेतात. काळ्या जमिनीवर पुन्हा जाळण्यासारखं काही उरलेलं नसतं, म्हणून पळायची वाटही तीच. चढावरच्या आगीच्या वरच्या अंगाला, तिच्या आणि माथ्याच्या मध्ये, कुणीही जायचं नाही.

टहाळा चार-पाच फुटांचा, हिरवागार, दाट पानांचा हवा. निरगुडी, करंज, ऐन चालतात. निलगिरी नको, पानांत तेल असतं. टहाळा डोक्यावरून फिरवून आपटला की ठिणग्या मागच्या गवतात उडतात. दमलेल्या टोळीच्या पाठीमागे आग पुन्हा दिसते ती यामुळे. टहाळा गुडघ्याच्या उंचीवरून, तिरका, काळ्या बाजूच्या दिशेने मारायचा आणि लगेच उचलायचा नाही. क्षणभर दाबून ठेवायचा आणि ओढत काळ्यात न्यायचा. हवा तुटली की ज्वाळा मरते. नुसत्या वाऱ्याने ती फुलते.

एका तुकडीत सहा-सात जण पुरे. पहिले दोघे ज्वाळा मोडतात, मागचे दोघे उरलेली मारतात, त्यांच्या मागचा फावड्याने कड खरवडून माती उघडी करतो, शेवटचा पाठीवरच्या सोळा लिटरच्या फवारणी पंपाने धुमसणारी शेणी आणि खुंट भिजवतो. पहिल्या दोघांची पाळी दहा मिनिटांनी बदलायची. एक माणूस झोडपायला नकोच. त्याने उंचावर उभं राहून वारा, आग आणि माणसांची मोजदाद सांभाळायची. हा माणूस नेमण्याचं कुणाच्या मनात येत नाही, आणि अपघात तिथेच होतात.

हापूसच्या बागायतदारांकडे एचटीपी पंप, म्हणजे जास्त दाबाचा फवारणी पंप, असतोच. त्याचा उपयोग होतो, पण हिशेब ठेवा: दोनशे लिटरचा पिंप आठ-दहा मिनिटांत रिकामा होतो. उंच ज्वाळेवर ते पाणी वाया जातं. घराभोवतीची पट्टी भिजवायला आणि आग मोडल्यावर कड विझवायला राखून ठेवा. वनविभागाचे लोक आता पाठीवरचे ब्लोअर वापरतात. पातेऱ्याच्या आगीत रेषा साफ करायला ते उत्तम, उभ्या वाळल्या गवतात मात्र चुकीच्या कोनात धरला तर ब्लोअरच भाता होतो.

वाडीच्या सामायिक खोलीत दहा गोणपाटं, चार फावडी, चार कोयते, दोन लोखंडी दंताळी, चार विजेऱ्या, दोन पाठीवरचे पंप आणि वीस लिटरचे दोन पिण्याच्या पाण्याचे कॅन असावेत. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे; टेरिलीन, नायलॉन अंगाला वितळून चिकटतं. पायांत बूट, स्लिपर नव्हे.

आग विझली असं वाटल्यावर खरं कंटाळवाणं काम सुरू होतं. कडेपासून दहा मीटर आतपर्यंतचा प्रत्येक खुंट, शेणी आणि वारूळ तपासायचं. हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब लागते का पाहा. वाळका खुंट मुळातून दोन-तीन दिवस धुमसू शकतो. रात्री दोन माणसं पहाऱ्याला आणि दुसऱ्या दिवशी खारा वारा सुटायच्या आधी पुन्हा एक फेरी. समोरून आग द्यायची, ज्याला वनकर्मचारी काउंटर फायर म्हणतात, ती मात्र त्यांच्याशिवाय देऊ नका.

कळवायचं कुणाला? आणि वनजमिनीवरची आग विझवणं हे आमचं काम आहे का? (आजरा)

वनविभागाचा मदत क्रमांक 1926, सर्वसाधारण आपत्कालीन 112. पण हंगाम सुरू होण्याआधी वनरक्षक आणि वनपाल यांचे थेट क्रमांक वाडीतल्या चार घरांत लिहिलेले हवेत. फोनवर ‘डोंगर पेटला’ एवढंच सांगू नका. गाव, वाडी, डोंगराचं स्थानिक नाव, आगीचं तोंड कोणत्या दिशेला आहे आणि गाडी कुठपर्यंत येते, हे पाच मुद्दे सांगा.

कायद्याचं म्हणाल, तर भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 79 नुसार आरक्षित वा संरक्षित वनात चराईचा, वनोपजाचा हक्क किंवा परवानगी असलेल्यांवर आगीची खबर देण्याची आणि विझवायला मदत करण्याची जबाबदारी आहे. लगतच्या गावातले सरकारी नोकरही त्यात येतात.

आमचं घर कौलारू, शेजारी गोठा आणि गवताची उडवी. आग जवळ आली तर आधी काय करायचं? (कणकवली)

घर बहुधा ज्वाळेने पेटत नाही, ठिणगीने पेटतं. कौलाखाली रीप आणि वासा मिळतात तिथे पाला साचतो, उंदीर-चिमण्यांची घरटी असतात, आणि वळचणीच्या फटीतून ठिणगी नेमकी तिथे शिरते. पोटमाळ्यावर वाळकं सरपण, रिकामी पोती आणि जुन्या झापा असल्या की पुढचं सांगायला नको. म्हणून जानेवारीत एकदा शिडी लावून वळचण आणि पन्हळ झाडून काढा, पोटमाळा हलका करा. घराच्या भिंतीपासून पाच फूट काहीही जळण्यासारखं नको, सरपणाचा ढीग आणि त्यावरचं प्लॅस्टिकही नको. त्यापुढे तीसेक फुटांपर्यंत गवत घोट्याएवढं. उडवी घरापासून आणि गोठ्यापासून किमान पन्नास फूट, आणि ती दुपारच्या वाऱ्याच्या दिशेत घराच्या पश्चिमेला नसावी.

आग येताना दिसली तर लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि दमेकरी आधीच रस्त्याकडे पाठवा. अर्धा तास उशीर झाला की रस्त्यावर धुरात काही दिसत नाही. मग गुरं. दावी सोडा, गाठ सुटत नसेल तर कोयत्याने कापा, आणि गोठ्याचं दार मागून बंद करा, कारण घाबरलेली गुरं सवयीच्या जागी परत धावतात. त्यांना डोंगराकडे किंवा झाडीत हाकू नका. कापणी झालेली भाताची खाचरं, नांगरलेलं शेत किंवा नदीचं पात्र ही जागा. गॅसचा रेग्युलेटर काढा, सिलिंडरला टोपी लावा आणि तो उघड्या खळ्यात, झाडांपासून लांब, उभा ठेवा. दारं-खिडक्या लावा, कुलूप घालू नका. शिडी बाहेरून छपराला टेकवलेली, बादल्या भरलेल्या, गोणपाटं भिजलेली असू द्या. सातबारा, आधार, बँकेची पुस्तकं आणि रोजची औषधं एका पिशवीत.

आग पुढे गेल्यावर पोटमाळा आणि वळचण दर अर्ध्या तासाने, निदान सहा-आठ तास तपासा. आगीत वाचलेलं घर पुष्कळदा त्याच रात्री पेटतं, कारण सगळे दमून झोपलेले असतात.

राब भाजल्याशिवाय (रोपांच्या जागेवर पाला-शेण पसरून जाळल्याशिवाय) आमची भातरोपं होत नाहीत. मग वणव्याचं खापर आमच्यावर. सुरक्षित भाजावळ करता येते का? (पोलादपूर)

येते, फक्त दुपारी नव्हे. पहाटे उजाडताना, दव असताना, नऊच्या आत संपेल एवढीच भाजावळ घ्या. खाचराभोवती दोन मीटर नुसती माती उघडी करा. उतारावर वरच्या कडेपासून पेटवा आणि वाऱ्याच्या विरुद्ध जाळत या. खालून पेटवली की आग एका झपाट्यात वर निघते. चार माणसं, चार टहाळे, एक भरलेला पंप आणि शेजाऱ्याला आदल्या रात्री निरोप. संपल्यावर राख उलथून विझवा. वनहद्दीला चिकटलेल्या खाचरात भाजावळ नकोच: वन अधिनियमाच्या कलम 26 प्रमाणे, नियम मोडून आरक्षित वनाला धोका होईल अशी आग लावणं किंवा जळती सोडून जाणं गुन्हा आहे, मग वन जळो वा न जळो. गादीवाफ्यावर कुजलेलं शेणखत घालून रोपं करता येतात, आणि कवळासाठी (राबाला लागणाऱ्या डहाळ्यांसाठी) झाडं छाटायची मेहनतही वाचते. ‘राबाशिवाय होत नाही’ हे आम्हाला तरी पूर्ण पटत नाही.

माळ जाळला की पावसात गवत जोमाने येतं, असं जुनी माणसं सांगतात. (जावळी)

हिरवं लवकर दिसतं हे खरं, कारण जुनी काडी जळून गेलेली असते. पण कोणतं गवत, ते पाहा. कुसळीच्या बियाला पीळदार शेपूट असतं. ओल मिळाली की ते फिरतं आणि बी स्क्रूसारखं मातीत शिरतं, त्यामुळे वरून आग गेली तरी ते वाचतं. मारवेल, पवना यांसारखी गुरांच्या आवडीची गवतं दरसालच्या आगीत मागे पडतात. दहा वर्षं सलग जाळलेल्या माळावर म्हणून कुसळच कुसळ दिसतं आणि तेच नंतर शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडात टोचतं. पाल्यातला नत्र जळून हवेत जातो, राखेतलं पालाश पहिल्याच वळवाने वहाळाला लागतं. वैरणीसाठी कापणी हाच मार्ग.

मोहफुलं वेचायला आम्ही झाडाखालचा पाला जाळतो. दुसरा उपाय? (कुरखेडा)

झाडाखाली खराट्याने झाडून घ्या किंवा जुन्या साड्या, शेडनेट अंथरा. फुलं स्वच्छ मिळतात, मातीही लागत नाही, भावही बरा येतो. जाळण्यातला वेळ वाचतो असं वाटतं, पण सांजेला लावलेली आग सकाळपर्यंत झाडाखालीच थांबेल याची हमी कुणी देऊ शकत नाही.

मोबाइलवर उपग्रहाकडून वणव्याचे संदेश येतात असं ऐकलं. भरवसा ठेवावा का? (महाबळेश्वर)

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या पोर्टलवर नाव नोंदवलं की आपल्या भागासाठी संदेश मिळतात. नोंदणी जरूर करा, विशेषतः सरपंच आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी. पण मर्यादा समजून घ्या. उपग्रह सतत डोक्यावर नसतो. व्हीआयआयआरएस हा संवेदक दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास वरून जातो आणि त्याचा एक ठिपका 375 मीटरचा असतो. मोडिस या दुसऱ्या संवेदकाचा एक किलोमीटरचा. तीन वाजता पेटलेला डोंगर साडेपाचला वाडीत उतरलेला असू शकतो आणि संदेश रात्री येतो. वीटभट्टी किंवा शेतातली आगही कधी वणवा म्हणून दिसते. माथ्यावर बसलेला अंगारी मजूर (वनविभागाने आगीवर नजर ठेवायला नेमलेला माणूस) आजही उपग्रहाच्या आधी सांगतो.

वीजवाहिनीच्या ठिणगीने बाग जळाली. भरपाई कुणाकडे? फळपीक विमा आहे. (देवगड)

हवामानावर आधारित फळपीक विमा अवेळी पाऊस, तापमान, वारा अशा निकषांवर चालतो; बागेला लागलेली आग त्या निकषांत बसत नाही. त्यामुळे तिकडे आशा ठेवू नका.

जळाल्याच दिवशी तलाठी आणि कृषी सहायकाला लेखी कळवा, पोच घ्या, पंचनामा होईपर्यंत एकही झाड तोडू नका. वीज हे कारण असेल तर वीज कंपनीच्या उपविभागाला लेखी तक्रार, पोलिसांत नोंद आणि विद्युत निरीक्षकाकडे अर्ज, हे तिन्ही हवेत. भरपाईच्या दाव्यात निरीक्षकाचा अहवाल कळीचा ठरतो. लोंबकळती तार, घासलेली फांदी, जमिनीवर पडलेले वितळलेल्या ॲल्युमिनियमचे मणी यांचे फोटो तार दुरुस्त व्हायच्या आधी काढा. दुरुस्तीनंतर पुरावा उरत नाही. सातबाऱ्यावर आणि ई-पीक पाहणीत कलमांची संख्या नोंदलेली नसेल तर ‘दोनशे झाडं होती’ हे सिद्ध करताना दमछाक होते. ती नोंद आजच तपासा. तारेखाली दोन्ही बाजूंना गवत कापलेलं असलं तर पडलेली ठिणगी तिथेच मरते.

आग लागून गेलेली कलमं तोडावीत की ठेवावीत? पानं पूर्ण करपली आहेत. (गुहागर)

घाई करू नका. करपलेली पानं आठवड्या-दोन आठवड्यांत गळून पडली तर ती चांगली खूण आहे: पान टाकायला फांदी जिवंत असावी लागते. वाळून तशीच फांदीला चिकटून राहिली तर फांदी मेलेली आहे.

खोडाची परीक्षा चाकूने करा. जमिनीपासून फूटभर उंचीवर, चारही बाजूंना, नखाएवढी साल खरवडा. आतला थर ओला, हिरवट-पांढरा असेल तर ती बाजू जिवंत. तपकिरी, कोरडा किंवा आंबूस वासाचा असेल तर मेलेली. उतारावरच्या झाडाची वरच्या अंगाची बाजू जास्त जळते, कारण पातेरा तिथे साचलेला असतो. लोक नेमकी खालची, सोयीची बाजू पाहून निश्चिंत होतात. सगळा घेर तपकिरी असेल तर झाड गेलं. तिसरा हिस्सा जरी जिवंत असला तरी ठेवा.

पहिल्या आठवड्यात पाणी, मग दर पंधरा दिवसांनी. उरलेली फळं उतरवा. पानांची सावली गेल्याने उन्हाने साल तडकते, म्हणून खोडाला आणि जाड फांद्यांना चुना लावा. जखमांवर बोर्डोपेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, प्लॅस्टिकच्या भांड्यात. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. लोखंडी सुरी बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवा. पेस्ट त्याच दिवशी संपवा. खताचा मोठा हप्ता नवी पालवी येईपर्यंत नको. छाटणी जुलैत, कुठून फूट येते ते दिसल्यावर.

पाच वर्षांच्या आतल्या कलमांना एक सापळा आहे. वरचा भाग जळतो, पावसात बुडातून जोमदार फुटवे येतात आणि कलम वाचलं म्हणून आनंद होतो. फुटवा कुठून आला ते वाकून पाहा. वीतभर उंचीवर जोडाची गाठ असते. तिच्या वरून आला असेल तर हापूस. खालून आला असेल तर तो रायवळ खुंट आहे, सात-आठ वर्षांनी फळ धरल्यावर कळून उपयोग नाही. तो उपटू नका, एक सशक्त फुटवा ठेवून त्यावर पुढच्या हंगामात मृदूकाष्ठ कलम बांधा. मुळं तयार असल्याने नव्या रोपापेक्षा लवकर वाढतं.

काजूची गोष्ट नाजूक. धग लागलेल्या काजूवर रोठा आणि आंब्यावर भिरूड (दोन्ही खोड पोखरणाऱ्या किडी) तुटून पडतं. ऑगस्टपर्यंत दर पंधरवड्याला बुंध्यापासून तीन फुटांपर्यंत भोकं आणि भुसा शोधा, तारेच्या आकड्याने अळी काढा, औषधासाठी कृषी सहायकाची शिफारस घ्या.

धुराने काय त्रास होतो? ओला रुमाल बांधला की पुरे ना? (दापोली)

ओला रुमाल राख अडवतो, धुराचे बारीक कण आणि विषारी वायू नाही. कणांसाठी एन-95 मास्क बरा. वायू तोही अडवत नाही. काजूची बोंडं-बिया किंवा टरफलाचा ढीग पेटला तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला थांबूच नका, त्या टरफलातलं तेल डोळे आणि छाती जाळतं. आग विझवून आलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ, बरळणं किंवा झोपाळूपणा दिसला तर 108 बोलवा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ‘98’ दाखवतो म्हणून थांबू नका. कार्बन मोनॉक्साइड रक्तात असताना साधं यंत्र फसतं.

भाजल्यावर वीस मिनिटं वाहतं, साधं गार पाणी; बर्फ नाही, हळद, टूथपेस्ट, शाई काही नाही. बांगड्या-अंगठ्या सूज येण्याआधी काढा. गुरांचं सड, खूर आणि डोळे तपासा, पशुवैद्यकासाठी 1962.

मार्चमध्ये गवताळ डोंगरावर मुलांचा ट्रेक न्यायचा आहे. (कराड)

नेऊ नका. 11 मार्च 2018 रोजी तामिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर ट्रेकला गेलेली माणसं वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक दगावली. डिसेंबरात न्या. न्यावंच लागलं तर वनविभागाची परवानगी, दुपारी बाराच्या आत खाली, आणि चूल-शेकोटी नाही.

जळालेल्या डोंगराखालच्या विहिरीचं पाणी पावसात प्यावं का? (चिपळूण)

पहिले दोन-तीन मोठे पाऊस राख आणि माती घेऊन येतात. विहिरीच्या वरच्या अंगाला आडवा चर मारा आणि तोडलेल्या फांद्या उताराला आडव्या टाका, म्हणजे गाळ तिथे अडेल. पाणी गढूळ आहे तोवर नुसती ब्लीचिंग पावडर काम करत नाही. आधी निवळू द्या, मग क्लोरीन, आणि आरोग्य सेवकाकडून नमुना तपासून घ्या. छपरावरचं पाणी साठवत असाल तर पहिल्या पावसाचं सोडून द्या.